दगडी भाषेतलं 'नको'

मास्तरांनी आयुष्यात चार लोकांनी दखल घ्यावी अशी एकच गोष्ट केली, ती म्हणजे एक भाषा बनवली. तीही अशी की तिच्यात कुणाला कुणाशी दोन शब्द बरे बोलता येऊ नयेत. हे काम त्यांनी इतकं मन लावून केलं की शेवटी ते त्यांच्याच गळ्याशी आलं.

मालिकावाल्यांना तशीच हवी होती. टीव्हीवर दर आठवड्याला चालणारी लढायांची मालिका, त्यात डोंगरापलीकडचं दुष्टांचं राज्य, काळ्या दगडाच्या आसनावर बसलेला त्यांचा राजा, आणि या मंडळींना स्वतःची बोली पाहिजे. ऐकली की पोरांनी उशीत तोंड खुपसलं पाहिजे, असं दिग्दर्शकाचं म्हणणं. मास्तर तेव्हा शाळेत व्याकरण शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी नवनव्या भाषा जुळवत बसायचे. कुणाला पत्त्यांचा नाद असतो, यांना हा होता. कुणीतरी त्यांचं नाव सुचवलं आणि मास्तरांचे पाय जमिनीवर राहिनात.

दिग्दर्शकाने पहिल्याच बैठकीत अक्षरांची झडती घेतली. ल, म, न, य यांना दरवाजा बंद. ळ तर अजिबात नको, कारण ळ आला की बाळ आठवतं. राहिले क, ख, ग, घ, ठ, ढ, झ, आणि जागोजागी र. मास्तरांनी जीव मुठीत धरून एकदा सांगून पाहिलं की साहेब, घर, झोप, ओठ, आठवण हे शब्द घ, झ आणि ठ यांच्याच जिवावर उभे आहेत, ते कुणाला भीतीदायक वाटतात का? दिग्दर्शक म्हणाला, हे तुम्ही शाळेत शिकवा. विषय संपला.

पुढे प्रत्येक नव्या शब्दाची परीक्षा कँटीनवाल्या म्हाताऱ्यापुढे व्हायची. तो चहाचे कप मांडत असताना मास्तरांनी त्याच्या कानाशी जाऊन शब्द उच्चारायचा. म्हाताऱ्याने तोंड वाकडं केलं तर शब्द पास, हसला तर नापास. एक चांगला घडवलेला शब्द असाच गेला. म्हातारा म्हणाला, माझ्या मुलीला लहानपणी लाडाने मी असंच काहीतरी म्हणायचो. मास्तरांनी निमूटपणे वहीतला शब्द खोडला.

अर्थालाही कुंपण होतं. या भाषेत कृपा नाही, क्षमा नाही, आभार नाहीत. प्रश्न विचारायचा एकच प्रकार, तो म्हणजे 'बोल, नाहीतर जीभ जाईल'. आणि 'नको' तर नाहीच. दिग्दर्शकाचा हिशेब साधा होता. त्या राज्यात नको म्हणणारा माणूस उरत नाही, आणि राजाला नको म्हणायची वेळ येत नाही, तो सरळ हुकूम सोडतो. मास्तरांना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी वहीत तिच्यावर दीड पान टिपण लिहिलं. ते टिपण पुढे त्यांना वाचवेना.

युनिटमधली माणसं या भाषेला 'दगडी' म्हणायची, आणि राजाचं काम करणाऱ्या नटाला 'राजे'. माणूस धिप्पाड, आवाज तळघरातून येणारा, स्वभाव मात्र पक्का कामाचा. मास्तरांनी वाक्यं लिहून आणि टेप करून द्यायची, राजेंनी ती घरी नेऊन घोटून घोटून पाठ करायची आणि सेटवर एका दमात ओकायची. अर्थ ते एकदाच विचारत. "अर्थ तुमच्याकडे ठेवा मास्तर," असं ते म्हणायचे, "मला फक्त आवाज द्या." नऊ वर्षं हे चाललं. नऊ वर्षांत राजेंनी किती वेशी जाळल्या आणि किती माणसं खड्ड्यात घातली, याची मोजदाद कुणी केली नाही.

मालिका संपली आणि तिसऱ्या महिन्यात राजेंना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. पाच दिवस तोंडातून शब्द नाही. सहाव्या दिवशी नर्स त्यांना कुशीवर वळवत असताना हॉस्पिटलच्या त्या खोलीत खणखणीत आवाज घुमला, "ग्राख ढोठ झर्रा!" म्हणजे वेशीला आग लावा. नर्सच्या हातातलं भांडं खाली पडलं.

स्पीच थेरपिस्ट बाईंनी समजावून सांगितलं की असं होतं. रोजचं बोलणं पुसलं जातं, पण हजारदा घोटलेलं कधीकधी शिल्लक राहतं. कुणाची प्रार्थना राहते, कुणाचे पाढे, कुणाच्या शिव्या. यांचं हे राहिलं. मानेवरही भरवसा ठेवू नका, असं त्या म्हणाल्या, कारण होच्या जागी नकार हलतो आणि नकाराच्या जागी हो. ऐकू सगळं येतं, समजतं बरंचसं, फक्त आतलं बाहेर यायची वाट बंद झाली आहे.

घरी आणल्यावर आठवड्याने वहिनींनी, म्हणजे राजेंच्या बायकोने, मास्तरांना फोन केला. "तुमचीच भाषा बोलतात हे," एवढंच त्या म्हणाल्या. "जरा येऊन जा."

तिसरा मजला, इमारतीला लिफ्ट नाही. बाहेरच्या खोलीत हॉस्पिटलसारखी लोखंडी खाट टाकलेली, आणि ती इतकी रुंद की खोलीचं दार पुरतं उघडेना. येणाऱ्याने अंग चोरून आत शिरायचं, खाटेला वळसा घालून खिडकीकडच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचं, मग वहिनी खाट मागे ढकलून आपल्याला जायला-यायला वाट करणार. म्हणजे एकदा का माणूस त्या खुर्चीत बसला की वहिनींनी खाट पुन्हा सरकवेपर्यंत त्याची सुटका नाही. खाटेशेजारी स्टुलावर वारांचे खण असलेली गोळ्यांची डबी, बाजूला कमोडची खुर्ची, आणि भिंतीवर राजेंचा मुकुट घातलेला फोटो. तो काढावा असं कुणाच्या मनात आलं नसावं.

राजे उशांना टेकून बसले होते. ओठाचा एक कोपरा खाली ओघळलेला. वहिनी खांद्यावर टॉवेल टाकून पायथ्याशी उभ्या होत्या, कमरेला रुंद पट्टा बांधलेला, एक हात त्या पट्ट्यावर. राजेंनी त्यांच्याकडे पाहिलं, दम घेतला आणि स्वच्छ दगडीत हुकूम दिला की हिला जिवंत भिंतीत चिणा.

"काय म्हणतात?" वहिनींनी विचारलं.

मास्तरांनी त्यांच्या खोल गेलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. खरं सांगायला त्यांची जीभ रेटेना. "म्हणतात, बसा जरा, दमला असाल," ते म्हणाले.

वहिनी थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग टॉवेल खाटेच्या दांडीवर टाकला आणि बसल्या.

थाप एकदा मारली की ती एकटी राहत नाही, तिला भावंडं लागतात. मास्तर मंगळवारी आणि शुक्रवारी यायला लागले. राजेंनी खड्ड्यावर शिळा ठेवायला सांगितली की मास्तर म्हणायचे, खिडकी लावून घ्या म्हणतात, गार वारा येतोय. कैद्यांच्या टाचा तोडायचा हुकूम झाला की म्हणायचे, तुम्ही जेवलात का विचारतात. पण राजेंकडे वाक्यं मोजकी, तीच ती फिरून यायची, तेव्हा कालची टाच आज दुसरं काही बोलून चालणार नव्हतं. मास्तरांनी म्हणून एक नवी वही घातली. डाव्या बाजूला दगडी वाक्य, उजव्या बाजूला वहिनींना सांगितलेला अर्थ. जिन्याखाली उभं राहून ते ती वही चाळायचे, परीक्षेला निघालेल्या पोरासारखे, आणि मग धापा टाकत वर चढायचे. दर खेपेला ठरवायचे की आज खरं सांगून मोकळं व्हायचं. दर खेपेला वहिनी दार उघडून अंग चोरायच्या, मास्तर खुर्चीत जाऊन बसायचे, खाट मागे सरकायची, आणि ठरवलेलं तिथंच राहायचं.

राजेंच्या तोंडाकडे बघणं सगळ्यात कठीण होतं. त्यांना स्वतःचं ऐकू येत होतं ना. ते सावकाश ओठ जुळवायचे, भरलेलं भांडं उचलावं इतक्या जपून, काहीतरी नक्की सांगायचं असायचं, आणि बाहेर पडायची तीच आग आणि तोच खड्डा. मग ते डोळे मिटून घ्यायचे. मास्तरांना त्या क्षणी स्वतःची लाज वाटायची. या माणसाला ज्यात कोंडलं होतं त्याची वीट न् वीट त्यांनी स्वतः भाजली होती, आणि खिडकी ठेवायची नाही हा नियम कौतुकाने वहीत उतरवून ठेवला होता.

वहिनी एकदा म्हणाल्या, यांना विचारा ना, काही हवंय का. मास्तर पंचाईतीत पडले. दगडीत विचारायचं तर जीभ छाटायची धमकी द्यायला हवी. त्यांनी घसा साफ करून, शक्य तितक्या मऊ आवाजात, ती दिली. राजेंच्या चेहऱ्याची डावी बाजू हलली. ते हसत होते. वाक्य त्यांचंच होतं, मालिकेच्या पाचव्या वर्षातलं, आणि मास्तरांनी ते फार वाईट म्हटलं होतं.

बाकी दिवस मात्र हसण्यासारखे नव्हते. अंघोळ घालायला येणाऱ्या मावशी घाबरून गेल्या होत्या. पाणी अंगावर पडलं की राजे ओरडायचे, आणि ते पाणी कढत आहे, गार आहे, की नुसतं नकोच आहे, हे कळायला मार्ग नव्हता. चमचा तोंडाशी नेला की कधी तोंड उघडायचे, कधी दात आवळायचे, कधी अर्धं गिळून ठसका लागायचा. खालच्या मजल्यावरच्यांनी दोनदा येऊन विचारलं की घरात भांडणं आहेत का. वहिनींचा पट्टा आधी दिवसा असायचा, आता झोपतानाही सुटत नव्हता. डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून सांगितलं होतं, आणि वाकल्याशिवाय त्या खाटेवरचं एकही काम होत नव्हतं.

लेक दुसऱ्या गावी असायची. तिने एक शुश्रूषा केंद्र बघून ठेवलं होतं, तिच्या घरापासून जवळ, चोवीस तास माणसं असलेलं. आईचं म्हणणं, मी करते आहे ना. फोनवर दोघींची रोज हमरीतुमरी. शेवटी लेक म्हणाली, बाबांनाच विचारू, ते म्हणतील तसं. मास्तर आहेत ना सांगायला.

आता वहीतल्या उजव्या बाजूवर एका माणसाचं घर ठरणार होतं.

रविवारी लेक आली. स्टूल ओढून बापाजवळ बसली आणि स्वच्छ विचारलं, "बाबा, इथं राहायचंय की माझ्याकडे, त्या केंद्रात?" राजेंनी दोघींकडे पाहिलं. खूप वेळ ओठ जुळवले. कपाळावर घाम आला. मग आवाज फुटला आणि ती सबंध खोली दणाणून गेली. तिसऱ्या वर्षातलं वाक्य होतं. दोघींना खड्ड्यात टाका आणि वर शिळा ठेवा.

लेक वळून मास्तरांकडे बघत होती. वहिनीही बघत होत्या. मास्तरांनी खिडकीकडे पाहिलं, मग खाटेकडे, ती भिंतीला भिडली होती. "म्हणतात," ते म्हणाले, "मला माझ्या घरातच राहायचंय."

लेकीने मान खाली घातली. ठीक आहे, म्हणाली, मी त्या लोकांना फोन करून सांगते, अजून थोडा वेळ द्या म्हणते. खोलीत आवाज नीट येत नव्हता म्हणून ती फोन घेऊन जिन्यात गेली.

वहिनींनी तिची पावलं खाली जाईपर्यंत वाट पाहिली. मग राजेंच्या अंगावरचं पांघरूण सारखं करता करता, मास्तरांकडे न बघता म्हणाल्या, "तिसरं वर्ष. कैदी मायलेकींचा प्रसंग. शिळेच्या आधी हे जरा थांबायचे, तुमच्या टेपवर ते थांबणं नव्हतं."

मास्तरांचा हात खिशातल्या वहीवर गेला.

"घरी यांच्याकडून पाठ कोण करून घ्यायचं असं तुम्हाला वाटलं?" वहिनी म्हणाल्या. "नऊ वर्षं संवादांचं पुस्तक मी धरलंय. समोरच्याचं वाक्य मी वाचायचं, टेबलावर चमच्याने ठोका द्यायचा, की यांनी बोलायचं. अर्थ खाली लिहिलेला असायचा, तुमच्याच अक्षरात. मला सगळी दगडी येते, मास्तर. भिंतीत चिणायचं पहिल्या दिवशी कळलं होतं."

मास्तरांना आठवली वहीतली उजवी बाजू, जिन्याखालची उजळणी, सहा आठवडे. "मग मला थांबवलं का नाहीत?" एवढंच ते कसंबसं म्हणाले.

"आज थांबतील, उद्या थांबतील, असं बघत होते. आणि खोटं कशाला सांगू, ऐकायला बरंही वाटत होतं." वहिनींनी पांघरुणाची घडी दोनदा घातली. "पण तुम्ही अगदीच काहीतरी सांगायचात. जेवलीस का, असं या माणसाने चाळीस वर्षांत एकदाही विचारलेलं नाही."

खाटेवरून राजे दोघांकडे आळीपाळीने बघत होते.

"मग मला बोलावलंत कशाला?" मास्तरांनी विचारलं.

वहिनी पहिल्यांदा चिडल्या. "तुम्ही ही भाषा बनवलीत ना? दुसरं कोण आहे तिच्यात शब्द घालणारं? मला वाटलं तुम्ही याल, बघाल, आणि यांना एक शब्द द्याल. प्रेमाबिमाचा नकोय मला. 'नको' द्या. पाणी कढत झालं तर नको. चमचा नको. माणसाला दिवसभर उलटं-पालटं करायचं, भरवायचं, धुवायचं, आणि त्याला एकदाही नको म्हणता येऊ नये, हे बघवत नाही मला."

मास्तरांनी कधी नव्हे ते तिथल्या तिथे शब्द बनवला. दिग्दर्शक नाही, कँटीनवाला नाही. राजेंच्या तोंडाला जे आवाज काढायची सवय होती तेच घ्यायला हवे होते, म्हणून त्यांच्या सगळ्यात घोटलेल्या हुकमांचे तुकडे जोडले. ल नाही, म नाही, मऊ काही नाही. "ठ्राक," ते म्हणाले. वहिनींनी तो तोंडात घोळवून पाहिला आणि मान डोलावली. वाईट नाही, म्हणाल्या.

नवं काही शिकणं अवघड आहे, असं थेरपिस्ट बाईंनी आधीच बजावलं होतं. पण शिकण्याची जुनी वाट शाबूत होती, तिच्यावरून न्यायचं वहिनींनी ठरवलं. स्टूल पुढे ओढलं, चमचा घेतला. वहिनी चमचा पुढे करून म्हणायच्या, "घ्या," मग स्टुलावर ठोका, मग मास्तरांनी म्हणायचं, "ठ्राक." पुन्हा. पुन्हा. राजेंच्या तोंडून वेस जळायची, टाचा तुटायच्या. मास्तर आता रोज यायला लागले. वही घरी राहिली. चौथ्या दिवशी मावशींनीही ठोका द्यायला सुरुवात केली. नवव्या दिवशी राजे "ग्राख" म्हणून मध्येच थांबले, आणि वहिनींनी चमचा हवेत तसाच धरून ठेवला, पण पुढे काही आलं नाही. त्या दिवशी मास्तर जिना उतरताना कठडा धरून उतरले.

बाराव्या दिवशी दुपारी वहिनींनी सूपचा चमचा पुढे केला. ठोका द्यायचा राहून गेला, कारण फोन वाजला होता आणि त्यांचं लक्ष तिकडे गेलं. आणि राजे म्हणाले, "ठ्राक."

वहिनींनी चमचा खाली ठेवला. "बरं," त्या म्हणाल्या. "नको तर नको." आणि सूपचं भांडं उचलून स्वयंपाकघरात गेल्या. तिथे बराच वेळ नळ चालू होता.

पुढचे चार-पाच दिवस त्या घरात मोठी धमाल झाली. राजेंना शब्द सापडला आणि त्यांनी आजवरचा पुरेपूर सूड उगवला. अंघोळीला ठ्राक. रेडिओला ठ्राक. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ चौकशीला आले, त्यांना दारातच ठ्राक. मास्तरांच्या मफलरकडे बघून एकदा सावकाश, विचार करून ठ्राक. वहिनी पदर तोंडाला लावून हसायच्या. कुणी म्हणेल की पोपटपंची होती, पण नव्हती. पाणी कोमट केलं की अंघोळीला गप्प बसायचे. आणि चहाला तर त्यांनी एकदाही नको म्हटलं नाही.

"आता येऊ दे तिला," वहिनी मास्तरांना म्हणाल्या. "आता हेच सांगतील."

लेक रविवारी आली ती केंद्राचे कागद घेऊन. तिथली जागा आता आणखी अडवून ठेवता येणार नव्हती, आज काय ते ठरायला हवं होतं. नव्या शब्दाचं वहिनींनी तिला मुद्दामच काही सांगितलं नव्हतं. मास्तर कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले, खाट मागे सरकली. वहिनी खाटेची दांडी धरून उभ्या राहिल्या, ताठ, जवळजवळ हसऱ्या.

"बाबा," लेक म्हणाली, "तिकडे केंद्रात यायचं का?"

वहिनींनी राजेंच्या ओठांकडे पाहिलं. मास्तरांनीही पाहिलं. राजे काही बोलले नाहीत.

लेकीने पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने, शब्द सुटे सुटे करून. राजे तिच्याकडे बघत राहिले. ओठ मिटलेले. वहिनींची बोटं दांडीवर आवळली गेली, आणि त्यांनी नकळत दुसऱ्या हाताने दांडीवर ठोका दिला. राजेंनी त्या हाताकडे पाहिलं. तरी नाहीच.

"मग इथंच राहायचं?" लेक म्हणाली. तिचा आवाज थकला होता. "आईनेच करायचं सगळं?"

"ठ्राक," राजे म्हणाले.

लेक मास्तरांकडे वळली. "काय म्हणाले?"

मास्तरांकडे थाप तयार होती. 'हो म्हणाले' एवढंच म्हणायचं, दोन शब्द, सगळं जिथल्या तिथे राहिलं असतं. राजे सोडले तर त्या शब्दाचा अर्थ जाणणारं खोलीत आणखी एकच माणूस होतं, आणि ते खिडकीबाहेर बघत होतं. वहिनींनी नुसती पापणी हलवली असती तरी मास्तर खोटं बोलले असते. याहून फुटकळ कारणासाठी ते सहा आठवडे बोलत आले होते.

"ती विचारतेय," वहिनी खिडकीकडे बघतच म्हणाल्या. "सांगा तिला."

"नको म्हणाले," मास्तर म्हणाले.

"काय नको?"

"आईने करायला नको."

मग वहिनी दांडी सोडून पुढे आल्या, राजेंच्या अगदी जवळ, आणि साध्या घरच्या आवाजात त्यांनी विचारलं, "मी नको?"

राजेंनी डावा हात उचलला. तोही फारसा धड नव्हता, वाटेत दोनदा खाली पडला. तो वहिनींच्या कमरेपर्यंत पोचला, तिथल्या पट्ट्यावर टेकला, आणि पट्टा त्यांनी मुठीत धरून ओढला, सुटेल की काय असा. "ठ्राक," ते म्हणाले. आणि मग पुन्हा एकदा, हळू, मास्तरांनी या माणसाच्या तोंडून नऊ वर्षांत कधी ऐकला नव्हता अशा आवाजात, "ठ्राक."

वहिनींनी तो हात काढला नाही. "चाळीस वर्षांत काही विचारलं नाहीत," त्या म्हणाल्या, "आणि आता हे." मग त्या मास्तरांकडे वळल्या. "मीच मागितला ना तो शब्द. मीच चमचा घेऊन बसले."

मास्तरांना उत्तर द्यायचं होतं. त्यांना त्या क्षणी आपली मातृभाषाही धड येईना. लेकीने कागद मांडीवर उलटे करून ठेवले आणि ती रडायला लागली. राजेंनी डोळे मिटले नाहीत. बोलून झाल्यावर डोळे उघडे ठेवायची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

"आधी चहा होऊ दे," वहिनी म्हणाल्या. "मग बघू ते कागद."

त्या स्वयंपाकघरात गेल्या. मास्तरांना उठून निघून जावंसं वाटत होतं, पण खाट सरकवल्याशिवाय त्यांना बाहेर पडता येणार नव्हतं, आणि आज ती सरकवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. ते तसेच खुर्चीत बसून राहिले. वहिनी चार कप घेऊन आल्या, राजेंचा कप आधी फुंकून निववला आणि त्यांच्या ओठांशी नेला. राजेंनी तोंड उघडलं. चहाला ते काही म्हणाले नाहीत.